खोलीतला खर्ज

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या मोताळ्यात धाब्याची घरं मागे पडली आणि स्लॅबची आली, तेव्हा घराबरोबर घरातला आवाजही बदलला. नऊ इंची विटांच्या भिंती, त्यावर सिमेंटचा गिलावा, डोक्यावर काँक्रीट, पायाखाली फरशी. उन्हाळ्याच्या, चोराच्या आणि पावसाच्या दृष्टीने हे घर पक्कं असतं, आणि खालच्या पट्टीच्या आवाजालाही ते तितक्याच पक्केपणाने आत कोंडून ठेवतं. घरातल्या चांगल्या ध्वनिसंचाला सबवूफर कसा जोडावा याविषयीचं हे पुस्तक म्हणूनच पेटीपासून सुरू न होता भिंतीपासून सुरू होतं. महागडा सबवूफर घेऊन निराश झालेले श्रोते मला भेटत आले आहेत. त्यांच्या पेटीत बहुधा दोष नव्हता. पेटी एका प्रकारच्या घरासाठी गृहीत धरली होती आणि ठेवली गेली दुसऱ्याच प्रकारच्या घरात.

या विषयावरचं बरंचसं लिखाण अमेरिकेतून येतं. तिथल्या घरांच्या आतल्या भिंती बहुतेक वेळा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ तक्ते ठोकून केलेल्या असतात. खालच्या कंपनसंख्येचा आवाज आदळला की असा तक्ता किंचित वाकतो, आणि त्या वाकण्यात ध्वनीची थोडी ऊर्जा खर्च होते. भिंत न सांगता बेस शोषून घेत असते. आपली विटांची भिंत वाकत नाही. आलेला आवाज ती जवळजवळ तसाच परत पाठवते. त्यामुळे तिकडच्या पुस्तकात जो बेस भरदार वाटावा म्हणून सांगितलेला असतो, तोच आपल्याकडे घुमतो, रेंगाळतो आणि गाण्यावर चढून बसतो. जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या भिंती, कडीपाट, झरोके, दिवसभर सताड उघडी दारं, या सगळ्यांतून तो काही मुरायचा, काही बाहेर जायचा. टिनाच्या छपराखाली तर खालचा बेस सरळ निघूनच जातो आणि मागे टिनाची थरथर तेवढी उरते. तीन घरं, तीन वेगळे प्रश्न. मराठीत स्लॅबच्या घराचा विचार करून या विषयावर लिहिलं जावं, एवढ्या एका गरजेतून या पुस्तकाचं काम सुरू झालं.

थोडं गणित इथेच करून टाकू, कारण पुढची दोनशे पानं त्यावर उभी आहेत. ध्वनीचा वेग वीस अंश सेल्सियसला सेकंदाला ३४३ मीटर. म्हणजे २० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सतरा मीटर लांब आणि ४० हर्ट्झची साडेआठ मीटरच्या वर. आपली बैठकीची खोली बारा बाय सोळा फुटांची धरली तर लाट खोलीपेक्षा मोठी झाली. हौदातलं पाणी एका बाजूने हलवलं की ते दोन्ही टोकांना चढतं-उतरतं आणि मध्ये जवळपास स्थिर राहतं. खोलीतल्या हवेच्या दाबाचं काही ठरावीक कंपनसंख्यांना तसंच होतं. सोळा फूट लांबीसाठी ही संख्या सुमारे ३५ हर्ट्झ, बारा फूट रुंदीसाठी ४७, दहा फूट उंचीसाठी ५६. या तीन कंपनसंख्यांना भिंतीपाशी आवाज फुगतो आणि खोलीच्या मधोमध बसणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. श्रोता खुर्ची दोन फूट मागे घेतो आणि त्याला वाटतं, सबवूफर बदलला.

आता हीच खोली दहा बाय दहाची करा आणि स्लॅबही दहा फुटांवर ठेवा. आपल्याकडे घराचा नकाशा काढताना हे माप किती सहज ठरतं, ते सगळ्यांना माहीत आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्हींची कंपनसंख्या एकच येते, ५६ हर्ट्झ. तिन्ही लाटा एकावर एक चढतात आणि गाणं कोणतंही लावा, त्यातला ५६ हर्ट्झचा सूर ओरडतो. संगीतासाठी याहून वाईट खोली बांधणं अवघड आहे. घर अजून कागदावर असेल तर एक भिंत दोन फूट सरकवायला काही फारसा खर्च येत नाही, आणि माझ्या मते कुठल्याही तारेपेक्षा किंवा अॅम्प्लिफायरपेक्षा तो खर्च जास्त कामी येतो.

आमच्या भागाची आणखी एक गोष्ट आहे. राजूर घाट उतरून बुलढाण्याहून खाली आलं की उन्हाळा वेगळा लागतो. मे महिन्यात दुपारी तापमान त्रेचाळीस अंशांवर जातं, तेव्हा ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५७ मीटर होतो. थंडीतल्या पहाटे बारा अंशांना तो ३३९ च्या आसपास असतो. म्हणजे ज्या खोलीची पहिली घुमणारी कंपनसंख्या जानेवारीत पावणेपस्तीसच्या जवळ असते, ती मेमध्ये साडेछत्तीसच्या पुढे सरकते. संगणकाने बेस सुरळीत करण्याची सोय आता बहुतेक चांगल्या सबवूफरमध्ये असते. थंडीत अगदी अरुंद गाळणी (फिल्टर) लावून केलेली दुरुस्ती उन्हाळ्यात थोडी बाजूला पडते. गाळणी जरा रुंद ठेवावी, किंवा ज्या ऋतूत ऐकणं जास्त होतं त्या ऋतूत मोजमाप करावं.

कापसाबद्दलही लिहायला हवं. कापूस पिकवणाऱ्या मुलखात खोली शांत करायची म्हटलं की पहिला विचार कापसाचाच येतो: भिंतीला गाद्या, वाकळी, पडदे. हे केल्यावर खोली खरंच शांत वाटते, टाळी वाजवली तर प्रतिध्वनी येत नाही. पण मऊ, सच्छिद्र थर आवाज शोषतो तो त्याच्या जाडीच्या मानाने. भिंतीला लागून ठेवलेला थर पुरता कामी यायचा तर त्याची जाडी लाटेच्या लांबीच्या चतुर्थांशाच्या जवळपास हवी. ४० हर्ट्झसाठी ती दोन मीटरच्या वर जाते. चार इंचांची गादी झांजेची आणि तंबोऱ्याच्या जवारीची चमक खाऊन टाकते आणि खालच्या घुमण्याला हातही लावत नाही. उरतो तो मंद, जड, अंधारा आवाज. मग श्रोता म्हणतो, सबवूफर फार होतोय. खोलीच्या कोपऱ्यात जमिनीपासून स्लॅबपर्यंत जाडजूड भरलेले खांब उभे केले तर काही फरक पडतो, आणि पातळ प्लायवूडची पोकळ पेटी भिंतीला लावली तर ती थोडंफार त्या जिप्समच्या तक्त्याचं काम करते. तिचं माप कसं काढायचं ते स्वतंत्र प्रकरणात आहे.

इतकं ऐकल्यावर कुणी विचारील की आपल्या संगीताला सबवूफर लागतो तरी कशाला. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदातलं डबल बास ४१ हर्ट्झपर्यंत उतरतं, पियानोची शेवटची पट्टी साडेसत्तावीसपर्यंत, मोठ्या चर्चमधल्या ऑर्गनचा बत्तीस फुटी नळा सोळाच्या जवळ. आपल्याकडे काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा १०४ वर. तबल्याचा डग्गा आणि पखवाजाची डावी बाजू साधारण शंभराच्या आतबाहेर. वीस हर्ट्झची गरज असलेलं आपल्याकडे फारसं काही नाही. याला ठळक अपवाद म्हणजे रुद्रवीणा, आणि त्यातही झिया मोहिउद्दीन डागर यांची. पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं धृपदाचं गुरुकुल होतं. त्यांनी वीणेचे भोपळे मोठे केले, तारा जाड केल्या आणि आलापाला अशी खोली दिली की लहान स्पीकरवर त्यांचं वादन ऐकणं म्हणजे अर्ध्याहून कमी ऐकणं. ज्यांच्याकडे त्यांची ध्वनिमुद्रणं आहेत त्यांनी एकदा तरी ती पूर्ण उतरणाऱ्या संचावर ऐकावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तरीसुद्धा मी सबवूफर जोडा म्हणतो, ते निव्वळ खोल जाण्यासाठी नाही. गायक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसलेला ऐकू यावा, तबला त्याच्या एका बाजूला, हार्मोनियम दुसऱ्या बाजूला, यासाठी स्पीकर भिंतीपासून पुढे, मोकळ्या जागेत लागतात. बेस भरदार आणि सारखा यावा यासाठी त्याचा उगम बहुधा दुसरीकडेच लागतो: भिंतीजवळ, कधी भिंतीच्या मध्यावर, कधी कोपऱ्यापासून जरा सरकून. एकाच खोक्यात वरचा आणि खालचा आवाज बांधला की दोघांपैकी एकाला चुकीच्या जागी बसावं लागतं. सबवूफर ही गाठ सोडवतो. सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला ठरवता येत नाही. ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होल्मन यांनी टीएचएक्स या ध्वनिमानकासाठी हीच सीमा धरली ती याच आधारावर. त्यामुळे खालचा भाग खोलीला मानवेल तिथे ठेवता येतो आणि ऐकणाऱ्याला तो गाण्याच्या जागेवरूनच आल्यासारखा वाटतो. शिवाय मुख्य स्पीकरचा शंकू लांब ढकलाढकलीतून सुटतो. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर शंकूला चौपट अंतर हलावं लागतं. ते ओझं उतरलं की त्याच साडेसहा इंची शंकूतून येणारा गळा मोकळा होतो. सबवूफर जोडल्यावर पहिल्यांदा सुधारतो तो गायकाचा आवाज. हे ऐकल्याशिवाय पटत नाही, म्हणून आग्रह धरत नाही. पण पुस्तक वाचून झाल्यावर करून पाहावं.

हा बदल बरोबर झाला की नाही हे ओळखण्यासाठी वऱ्हाडातल्या श्रोत्याला परदेशी चाचणीच्या तबकड्यांची गरज नाही. त्याने पखवाज हातभर अंतरावरून ऐकलेला असतो. कार्तिकातल्या काकड्याला, हरिपाठाला, शेगावच्या पालखीबरोबरच्या दिंडीत. डाव्या पुडीला कणीक लावली की कातड्याचं वजन वाढतं आणि सूर खाली उतरतो; कणीक किती लावायची हे वादक कानाने ठरवतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये आपल्या तालवाद्यांवर जो शोधनिबंध लिहिला, त्याचा गाभा असा की मधल्या शाईच्या वजनामुळे कातड्याचे वरचे स्वर सुरेल पटीत बसतात. इतर बहुतेक ढोलांत तसं होत नाही. आपल्या संगीतात खालच्या आवाजालाही सूर असतो आणि तो बेसूर झालेला ऐकू येतो. मनगटाचा दाब देत घुमवलेला डग्गा तर सलग वर चढत जातो. घरात वाजवताना त्या चढणीत एखादाच टप्पा अचानक मोठा झाला किंवा मध्येच खड्डा पडला तर दोष खोलीचा किंवा जोडणीचा आहे, हे समजायला यंत्र लागत नाही. मी आजही कुठलीही खोली आधी डग्ग्यावर तपासतो आणि मोजमापाचा मायक्रोफोन नंतर काढतो.

सबवूफरचं नाव खराब झालं ते सिनेमामुळे. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी थिएटरांत सेन्सराउंड नावाची यंत्रणा बसवली गेली आणि प्रेक्षकांच्या खुर्च्या हलल्या. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या सत्तर मिलिमीटरच्या प्रतींत बेससाठी वेगळा मार्ग दिला गेला. पुढे डिजिटल काळात तोच ‘पॉइंट वन’ झाला. घरगुती बाजारात त्याचं जे रूप आलं, ते म्हणजे लाकडी खोक्यात लहान शंकू, भोकातून एकाच सुरावर फुंकर घालणारा. लग्नाच्या वरातीतल्या डीजेच्या भिंती त्याच्या जोडीला आल्या. बेस म्हणजे छातीवरचा धक्का, ही समजूत या दोन्हींनी पक्की केली आणि गाणं गंभीरपणे ऐकणारा माणूस सबवूफरपासून दूर राहिला.

पण उंची संच वापरणाऱ्यांनाच बेसची उणीव सर्वात आधी बोचली होती. पीटर वॉकर यांचा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १९५७ मध्ये आला. ताणलेल्या पातळ पडद्यातून येणारा त्याचा मानवी गळा आजही दाखल्यासारखा सांगितला जातो. पडद्याला फार हलता येत नाही आणि त्याच्या पुढचा-मागचा आवाज खाली एकमेकांना मारतो, म्हणून बेस थोडका. १९८१ मधल्या त्याच्या पुढच्या अवतारासाठी, ईएसएल-६३ साठी, फिनलंडच्या ग्रेडियंट कंपनीने खास एसडब्ल्यू-६३ हा जोड बेस बनवला, तोही पडद्यासारखाच दोन्ही बाजूंना उघडा, म्हणजे दोघांचं वागणं जुळावं. आपल्याकडे पुण्याच्या केडन्स कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा आणि खाली शंकूचा वूफर अशी संकरित मांडणी केली. दोन्हीकडे अडचण तीच: पडदा आणि शंकू जिथे भेटतात तिथे सांधा दिसता कामा नये. बेस ‘संथ’ आहे, मागे पडतो, ही तक्रार इथूनच निघते. शंकू जड म्हणून तो संथ, असं स्पष्टीकरण दिलं जातं आणि ते मला पटत नाही. ८० हर्ट्झच्या खाली कुणालाच फार घाई नसते. मागे राहतं ते खोलीतलं घुमणं, आणि दोन आवाजांच्या पोचण्यात पडलेला वेळेचा फरक. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल आणि त्यांच्या हार्मन कंपनीतल्या सहकाऱ्यांनी हे मोजून मांडलं. त्यांच्यापैकी टॉड वेल्टी यांनी २००२ च्या निबंधात दाखवलं की दोन सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले तर बसण्याच्या जागांमधला फरक बराच कमी होतो, आणि चाराच्या पुढे वाढवून फारसं काही मिळत नाही. आपल्या विटांच्या खोल्यांत तर एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन मध्यम नेहमीच बरे, असं माझं ठाम मत आहे.

सबवूफरची पातळी लावण्यात सगळ्यांचा हात जास्त जातो, आणि त्याला कानाची घडण कारण आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलेले वक्र सांगतात की खालच्या आवाजाला आपला कान फार बहिरा असतो. २० हर्ट्झचा आवाज नुसता ऐकू यायलाच अठ्ठ्याहत्तर डेसिबलच्या आसपास लागतात. मात्र एकदा तो ऐकू यायला लागला की दोन-तीन डेसिबलची वाढही खूप मोठी वाटते. म्हणून सबवूफरची कळ कणाकणाने फिरवायची. बरोबर पातळी ती, जिथे सबवूफर चालू असल्याचं कळत नाही, पण बंद केला की गायकाच्या मागची जागा आकसते.

शेजाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती ‘ए’ मापनाने मोजली जाते. हे मापन कानाच्या बहिरेपणाला धरून खालचा आवाज वजा करत जातं: ६३ हर्ट्झला सव्वीस डेसिबल, साडेएकतीसला एकोणचाळीस. मोबाइलवरचं यंत्र बिनघोर आकडा दाखवत असताना भिंतीपलीकडच्या माणसाची झोप मोडलेली असू शकते. भिंतीला भिंत लागून असलेल्या आळीत रात्री दहानंतर सबवूफर बंद करावा. दोन शंकूंच्या पेटीची किंमत दिलेल्या माणसालाही मी हेच सांगतो.

विजेचं प्रकरण मी लांब लिहिलं आहे, कारण मोठ्या शहरात बसून लिहिणाऱ्यांना ते सुचत नाही. सबवूफर एका भिंतीवरच्या सॉकेटवर आणि मुख्य अॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटवर लावला, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये थोडाही फरक असला, की पन्नास हर्ट्झची गुणगुण सुरू होते. आणि ती गुणगुण इमानाने वाजवणारं घरातलं एकमेव यंत्र म्हणजे सबवूफर. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि त्याचा रोध वाढतो. खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतणं हा इथे ध्वनिसंचाच्या निगेचा भाग आहे. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कुणी काढत असेल तर त्याने ती आधी परत बसवावी. त्यात जिवाला धोका आहे. संपूर्ण संच एकाच सॉकेटवरून चालवणं हा पहिला उपाय, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. इन्व्हर्टर घ्यायचाच तर साइन वेव्हचा. आणि उन्हाळ्यासाठी आणखी एक: शंकूच्या कडेला फोम नको, रबर हवं. उष्णतेत फोमचा भुगा होतो.

जुन्या तबकड्यांच्या रसिकांसाठी थोडी सूचना. १९२५ च्या आधीची ध्वनिमुद्रणं कर्ण्यात गाऊन केलेली. त्यांत खालचं काही उतरलेलंच नाही. त्या काळचं नाट्यसंगीत लावताना सबवूफर बंद ठेवला तर तबकडीची घरघर तेवढी कमी ऐकू येते. एलपीवर बेस मुद्दाम कमी करून कोरतात आणि वाजवताना वीस डेसिबलच्या आसपास वाढवून परत घेतात. त्या वाढीत वाकलेल्या तबकडीची हालचालही मोठी होते आणि शंकू उगाच पुढे-मागे डोलत राहतो. वीस हर्ट्झखालची गाळणी तिथे लावायलाच हवी.

मोताळ्यात सबवूफर ऐकून घेता येईल असं दुकान नाही. माल मलकापूर किंवा खामगावच्या ट्रान्सपोर्टने येतो, तीस-चाळीस किलोचं खोकं, आणि एकदा आलं की परत पाठवणं सोपं नसतं. मुंबई-पुण्याचा ग्राहक ऐकून ठरवू शकतो. आपल्याला समजून ठरवावं लागतं. म्हणून या पुस्तकात कंपन्यांची क्रमवारी दिलेली नाही. बंद पेटी आणि भोकाची पेटी यांतला फरक, खोलीच्या आकारमानाला किती मोठा शंकू पुरेल, फेजची कळ फिरवताना काय ऐकायचं, रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि साधा यूएसबी मायक्रोफोन वापरून मोजमाप कसं घ्यायचं, यावर भर आहे. सबवूफर तात्पुरता ऐकण्याच्या खुर्चीवर ठेवून आपण जमिनीलगत भिंतीकडेने फिरत जायचं आणि डग्गा जिथे सर्वात स्वच्छ ऐकू येईल तिथे पेटी नेऊन ठेवायची, ही जुनी युक्ती मी सविस्तर दिली आहे. आपल्या खोल्यांत ती चांगली लागू पडते.

पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी वाचकाने खोलीची लांबी, रुंदी आणि स्लॅबपर्यंतची उंची टेपने मीटरमध्ये मोजून पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावी. दार कुठल्या भिंतीला आहे, खिडक्या किती, सॉकेट कुठे, हेही त्याच पानावर काढावं. पुढची सगळी उदाहरणं त्या आकड्यांवर करून पाहायची आहेत.